घाटातून जाणाऱ्या बससाठी खाऊ

रत्नागिरीहून कोल्हापूरला बस न्यायची, तर खाऊ आंबा घाटाच्या वळणांकडे बघून ठरवावा. घाट लागण्याआधीच्या तासाभरात तेलकट काहीही वाटू नका. भजी-वड्यांनी पोटात ढवळतं. तेवढ्यापुरता आलेपाक, आवळासुपारी पुरे.

मुख्य खाऊ कोरडाच हवा. माणशी ५० ग्रॅम चिवडा, म्हणजे ४० जणांना २ किलो. जोडीला माणशी एक खटखटा लाडू (गुळाच्या पाकातला शेवेचा कडक लाडू) आणि तिखटमिठाच्या तीन पुऱ्या. ओल्या नारळाची चटणी नकोच, दमट उकाड्यात ती काही तासांतच आंबते. सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी न्या. घावणे घरीच बरे. एकावर एक रचले की घाम सुटून चिकटतात.

चिवडा सादळला की सगळे हवेला बोल लावतात. खरा दोष बहुधा घाईचा. कोमट असताना भरला तर वाफेचं पाणी पिशवीतच राहतं. परातीत पातळ पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग झिपच्या छोट्या पिशव्यांत भरा आणि हवा दाबून काढा. कागदाच्या पुड्या ओल धरतात. एकच मोठी पिशवी बसभर फिरवली, तर ओले हात आत जातात आणि मागच्या बाकावर नुसता चुरा पोचतो.

लाडू-पुऱ्या डब्यांत. खोकी डिकीत नकोत, सामानाखाली दबतात. पुढच्या बाकावर ठेवा. उलटीच्या पिशव्या मात्र वाटपाआधीच हातोहाती द्या.