शांततेच्या अभ्यासाची सुरुवात चारीच्या टोकापासून

राज्यशास्त्राची किंवा समाजकार्याची पदवी घेऊन संघर्षनिवारण आणि शाश्वत विकास या क्षेत्रात येऊ इच्छिणारे विद्यार्थी नाशिकमध्ये अधूनमधून मला भेटायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न परदेशी विद्यापीठाचा असतो आणि दुसरा शिष्यवृत्तीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. पण त्याआधी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते : या विषयातले निम्मे शिक्षण नोंदी ठेवण्यात आणि दुसऱ्याच्या नोंदी वाचण्यात आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यातच मिळते.

मी एम.ए. करून परतलो तेव्हा दिंडोरी तालुक्यातल्या एका चारीवर, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या लहान कालव्यावर, वाद पेटला होता. टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांचे म्हणणे होते की तोंडाशी असलेले लोक रात्री पाणी चोरतात, आणि तोंडाकडचे लोक हा आरोप ऐकूनही घ्यायला तयार नव्हते. मी दोन्ही बाजूंची बैठक बोलावली आणि परस्परविश्वासावर बराच वेळ बोललो. माझे बोलणे संपल्यावर मागे बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, “भाऊ, टेलला पाणी किती तास चाललं, ते कुठं लिहिलंय का?” ते कुठेच लिहिलेले नव्हते. पुढच्या आवर्तनात, म्हणजे पुढच्या खेपेला पाणी सुटले तेव्हा, आम्ही चारीच्या तोंडाशी आणि टेलला प्रत्येकी दोन माणसे बसवली, दोन्ही गटांतला एकेक, आणि दर तासाला मोजपट्टीवरची पातळी वहीत उतरवून खाली दोघांच्या सह्या घेतल्या. तिसऱ्या रात्री लक्षात आले की मधल्या टप्प्यात पाणी मोठ्या प्रमाणावर मुरत होते, कारण तिथले अस्तरीकरण फुटलेले होते. चोरी अगदीच नव्हती असे नाही, पण भांडण ज्या प्रमाणात चालले होते त्या प्रमाणात ती नव्हती. त्यानंतरची बैठक दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी कशी करायची यावर झाली.

याच तालुक्यात वाघाड धरणावर हे काम फार मोठ्या प्रमाणावर आणि फार आधी झाले आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, आणि पुढे या संस्थांनी एकत्र येऊन प्रकल्पस्तरावर व्यवस्थापन हाती घेतले. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे आकारमानावर, मोजून घेणे हा त्या व्यवस्थेचा कणा आहे. सामायिक साधनसंपत्तीचे नियमन वापरणारे लोक स्वतः करू शकतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे लेखन मी ग्रंथालयात वाचले होते, पण ते समजले मात्र पाणीवापर संस्थेच्या इतिवृत्ताची जुनी वही चाळताना.

जिल्ह्यातला मोठा संघर्ष गोदावरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाचा आहे. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला ठरलेल्या प्रमाणापेक्षा (२०१४ च्या आदेशात ६५ टक्के) कमी असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. त्यामागे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा, त्यातले समन्यायी वाटपाचे कलम १२(६)(ग), या वाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीचा अहवाल आणि प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा आदेश आहे. २०२३ साली सुमारे ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा इथे विरोध झाला आणि मराठवाड्यात पाणी लवकर सुटावे म्हणून आंदोलने झाली. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी नकारात्मक आणि सकारात्मक शांतता असा जो भेद केला, तो इथे डोळ्यांनी दिसतो : बंदोबस्तात दरवाजे उघडले की हिंसा टळते, पण खोऱ्याच्या दोन्ही अंगांच्या लोकांना वाटप न्याय्य वाटेपर्यंत दुसऱ्या अर्थाची शांतता आलेली नसते. नाशिकच्या विद्यार्थ्याने या वादाचा अभ्यास करताना काही दिवस पैठणच्या बाजूला राहिलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. आपल्या द्राक्षबागेच्या कडेला उभे राहून तिथला टँकर समजत नाही.

सुरगाणा-पेठ भागात प्रश्न जमिनीचा आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांमध्ये आदिवासींची संख्या मोठी होती आणि कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. मी एका पाड्यावर दाव्यांचे अर्ज भरायला मदत करत होतो आणि पुराव्यासाठी सगळे जबाब पुरुषांचे घेतले होते. एका प्लॉटची जुनी हद्द कुणालाच नीट सांगता येईना. अखेर शेजारच्या घरातली आजी पुढे आली, एका मोहाच्या झाडाकडे बोट करून तिने सांगितले की लग्न होऊन आल्यापासून तिथपर्यंत या घराची नागली होती. दावेदाराखेरीज अन्य ज्येष्ठाचा लेखी जबाब हा नियमांनुसार पुरावा असतो, आणि विवाहित दावेदाराच्या बाबतीत हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. दोन्ही तरतुदी मला पाठ होत्या, तरी बायकांना विचारायचे मला सुचले नव्हते. ते सगळे जबाब मी पुन्हा घेतले.

कोलंबियातला २०१६ चा शांतता करार वाचताना मला हाच पाडा आठवतो. पन्नास वर्षांहून जुना सशस्त्र संघर्ष संपवणाऱ्या त्या कराराचा पहिलाच विषय ग्रामीण सुधारणा हा आहे : भूमिहीनांसाठी ३० लाख हेक्टरचा जमीन निधी, ७० लाख हेक्टरवरील हक्कांच्या रीतसर नोंदी, आणि देशभरातल्या जमिनीची नव्याने मोजणी. बंदुका खाली ठेवण्याचा प्रश्न जमिनीच्या नोंदीशी किती घट्ट बांधलेला असतो, हे नवख्या अभ्यासकाने त्या करारातून जरूर पाहावे.

आता अभ्यासक्रमांविषयी. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड, स्वीडनमधील उप्साला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८० साली स्थापन केलेले कोस्टारिकातील शांतता विद्यापीठ ही या विषयातली जुनी केंद्रे आहेत. देशात दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाचे केंद्र आहे, आणि ग्रामीण विकासाकडे कल असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूर संकुल आपल्याला जवळचे आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा आणि रोटरीच्या पदव्युत्तर शांतता शिष्यवृत्तीसाठी किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुभवाची अट असल्याने पदवीनंतर लगेच अर्ज करण्याची घाई न करता आधी क्षेत्रकाम करावे. त्या काळात पगार बेताचा असेल, हे घरी आधीच स्पष्ट सांगावे. मालेगावात काम करायचे असेल तर उर्दू शिकावी, आणि सुरगाण्यात कोकणा बोली किमान समजली पाहिजे.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी रब्बीचे पहिले आवर्तन सुटेल तेव्हा यावे. रात्रीच्या पाळीला चारीवर माणसे कमी पडतात. वही आणि बॅटरी आमच्याकडे आहे. थंडी कडक असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी मात्र सोबत आणावी.