डायलिसिसवाल्या पेशंटच्या पायाचं रक्ताभिसरण कसं सांभाळायचं

आईचं डायलिसिस सुरू होऊन सहा वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा, आणि तिचे पाय मीच बघते, त्यामुळे कुणी "गरम पाण्यात पाय बुडवा" म्हणालं की डोकंच फिरतं. संवेदना गेलेल्या पायाला चटका कळतच नाही, तिथे गरम पाण्याची पिशवी लावायचीच नाही.

रोज रात्री तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघा. तंबाखू, मिश्री आजपासून बंद.

आता तपासणी, इथेच आम्ही फसलो. घोट्याचं बीपी भागिले हाताचं बीपी असा एक रेशो काढतात, त्याला एबीआय म्हणतात, 0.9 च्या खाली आला तर रक्त कमी पोचतंय. पण डायलिसिसवाल्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत, मग आकडा खोटाच चांगला येतो. आईचा 1.1 आला, "नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवलं. आणि घरी ती रात्रभर पाय पलंगाखाली लोंबकळत सोडून बसायची, खाली सोडला की दुखणं कमी, वर घेतला की परत ठणका, अंगठ्याचं टोक जांभळं पडलेलं. ही खूण दिसली की एबीआयच्या रिपोर्टवर अजिबात विसंबू नका, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजून द्या असं स्पष्ट मागा. हाताच्या बीपीशी त्याचा रेशो 0.7 पेक्षा कमी म्हणजे गडबड आहे, आणि नुसतं प्रेशरच 30 च्या खाली असेल तर थांबायला वेळ नाही. हाताचं बीपी फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हातावरच घ्यायला लावा, हे दर वेळी सांगावं लागतं.

नंतरचं व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, ठरवतात, गोळ्या की अँजिओप्लास्टी. सूज आहे म्हणून घट्ट मोजे मात्र त्यांना विचारल्याशिवाय चढवू नका, आधीच कमी असलेलं रक्त अजून अडतं.

जखम दिसली, काळं पडलं, तर त्याच दिवशी दाखवा. पायात जखम नसेल तर डॉक्टरांना विचारून रोज थोडं चालवा.

आणि डायलिसिसच्या खुर्चीवर चार तास टाच एकाच जागी दाबली जाते, त्यात पाणी काढताना बीपी उतरलं की पायाला रक्त अजूनच कमी. पोटरीखाली उशी सरकवा, टाच पूर्ण अधांतरी राहिली पाहिजे, हात घालून बघा.