नवे लॅपटॉप मॉडेल तोलताना या चुका टाळा

लॅपटॉपचे नवे मॉडेल आले की आपण त्याचा तपशिलांचा तक्ता उघडतो, शेजारी दुसऱ्या मॉडेलचा तक्ता ठेवतो आणि ओळीला ओळ लावून डावे-उजवे करू लागतो. डेस्कटॉपच्या बाबतीत ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण तिथे जागा, वीज आणि खेळती हवा यांची ददात नसते. लॅपटॉपमधल्या ओळी मात्र एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या सांगाड्यात बॅटरी, पंखे, मदरबोर्ड, स्पीकर आणि पोर्ट या सगळ्यांना एकाच जागेतून आपापला वाटा काढावा लागतो, त्यामुळे तक्त्यातल्या प्रत्येक चांगल्या आकड्यासाठी दुसऱ्या कोणत्या तरी आकड्याने माघार घेतलेली असते आणि ती माघार सहसा छापलेली नसते. म्हणून दोन प्रश्न सतत हाताशी ठेवावेत: या गुणासाठी काय सोडले आहे, आणि जे सोडले आहे ते मला नंतर भरून काढता येईल का? पुढच्या बहुतेक चुका दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

प्रोसेसरच्या नावावरून वेग ठरवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपांत असला म्हणजे दोघांचा वेग सारखा असतो, हा समज चुकीचा आहे. प्रोसेसर किती वेगाने चालेल हे त्याला किती वॅट वीज सतत मिळते आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता किती लवकर बाहेर पडते, यावर ठरते. इंटेलच्या कोअर आय7-1255यू या चिपचेच पाहा. तिची मूळ मर्यादा 15 वॅट आहे, पण थोड्या वेळासाठी ती 55 वॅटपर्यंत जाऊ शकते. हा थोडा वेळ किती असावा आणि त्यानंतर कितीवर स्थिरावावे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या सांगाड्याच्या कुवतीप्रमाणे ठरवते. परिणामी फाइल उघडणे किंवा वेबपान दिसणे अशा क्षणभराच्या कामात पातळ लॅपटॉप जाड लॅपटॉपाच्या बरोबरीने धावतो आणि अर्ध्या तासाचे व्हिडिओ रेंडरिंग सुरू केले की मागे पडतो.

2020 साली आलेल्या एम1 चिपच्या मॅकबुक एअर आणि 13 इंची मॅकबुक प्रो या जोडीने हा फरक स्वच्छ दाखवला. चिप तीच, पण प्रोमध्ये पंखा होता आणि एअरमध्ये नव्हता. पहिली काही मिनिटे दोघे जवळपास सारखे चालत. लांबलचक जड कामात मात्र एअर तापून वेग कमी करी आणि प्रो तो टिकवून ठेवी. यावरून एअर वाईट ठरत नाही. ज्याचे काम लिहिण्या-वाचण्याचे आहे त्याच्यासाठी आवाजच नसणे आणि धूळ ओढणारा पंखाच नसणे हा मोठा लाभ आहे. तडजोड वाईट असतेच असे नाही, ती आपल्या कामाच्या विरुद्ध दिशेची असली की नडते.

ग्राफिक्स चिपच्या बाबतीत दरी आणखी रुंद आहे. लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स 4060 ला 35 पासून 115 वॅटपर्यंत कोणतीही मर्यादा घालण्याची मुभा एनव्हिडियाने दिलेली आहे. खोक्यावर नाव तेवढे एकच असते. कंपनीच्या सविस्तर माहितीपत्रकात टीजीपीचा, म्हणजे ग्राफिक्स चिपला मिळणाऱ्या विजेच्या मर्यादेचा, आकडा शोधावा. तो कुठेच दिलेला नसेल तर पाणी कुठे मुरते आहे हे समजून घ्यावे.

चाचण्यांचे आकडे वाचतानाही हेच भान ठेवावे. सिनेबेंच आर23 ही चाचणी मुळात दहा मिनिटे फेऱ्या चालवते आणि तिचा खरा उपयोग त्या दहा मिनिटांतच आहे. पहिल्या फेरीचा गुणांक आणि शेवटच्या फेरीचा गुणांक यांतील अंतर त्या लॅपटॉपच्या शीतनाबद्दल जे सांगते, ते एका उत्तम गुणांकाने कळत नाही.

लॅपटॉप आधीच घेतलेला असेल आणि तो जड कामात अडखळत असेल, तर कारण शोधण्याची रीत सोपी आहे. प्रथम चार्जर जोडलेला आहे, पॉवर मोड बचतीवर अडकलेला नाही आणि तळाच्या झरोक्यांखाली गादी किंवा उशी नाही, एवढे पाहून घ्यावे. मग एचडब्ल्यूइन्फोसारखे तापमान दाखवणारे साधन उघडून काम चालू असताना तापमान आणि प्रोसेसरचे वॅट हे दोन आकडे एकत्र पाहावेत. तापमान 95 ते 100 अंशांना भिडले असेल आणि वॅट हळूहळू घसरत असतील, तर अडचण उष्णतेची आहे: पंख्यात धूळ साचली असेल, थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर पोहोचवणारा लेप, वाळली असेल किंवा मुळातच सांगाडा अपुरा असेल. याउलट तापमान 70 च्या आसपास निवांत असून वॅट मात्र एका खालच्या आकड्यावर खिळल्यासारखे असतील, तर ती कंपनीने किंवा कमजोर चार्जरने घातलेली मर्यादा आहे आणि तिथे पेस्ट बदलून काहीही साधणार नाही. हा फरक न पाहता दुरुस्तीला देणारे बरेच जण नाहक खर्चात पडतात.

सोल्डर केलेल्या रॅमवर सरसकट फुली मारणे, किंवा तिच्याकडे पाहणेच नाही

या बाबतीत दोन्ही टोकांच्या चुका होतात. मदरबोर्डवर पक्की जोडलेली रॅम ही केवळ ग्राहकाला अडकवण्याची युक्ती आहे, असे म्हणणे पूर्ण खरे नाही. एलपीडीडीआर जातीची रॅम कमी विजेवर अधिक वेगाने चालते, पण त्यासाठी प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या वाटा आखूड व स्वच्छ असाव्या लागतात. नेहमीच्या स्लॉटमध्ये ते जमत नाही. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला ही रॅम वापरावी लागत असल्याने या वेगाचा लाभ तिथे थेट दिसतो. इंटेलने 2024 मध्ये लूनर लेक चिपमध्ये तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवली, 16 किंवा 32 जीबी, आणि पुढे वाढवण्याची सोयच ठेवली नाही. वेग आणि बदलता येणे या दोन्ही गोष्टी साधण्यासाठी एलपीकॅम2 नावाचे स्क्रूने बसणारे मॉड्यूल निघाले आहे, पण ते अजून मोजक्याच मॉडेलांत दिसते.

तेव्हा नियम असा ठेवावा: रॅम पक्की असेल तर आजच्या गरजेपेक्षा एक पायरी वरची घ्यावी, कारण पुढे हात आखडता घेतल्याची भरपाई होत नाही. स्लॉट असेल तर कमी घेऊन नंतर वाढवता येते. मात्र दोन स्लॉट असताना एकातच पट्टी असलेले मॉडेल घेतले, तर रॅमचा मार्ग निम्मा अरुंद होतो आणि ग्राफिक्सचा वेग लक्षणीय घटतो. तिथे जोडीची दुसरी पट्टी बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो.

दुकानात ठेवलेल्या यंत्रावर हे तपासता येते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात मेमरी निवडली की खालच्या कोपऱ्यात फॉर्म फॅक्टर अशी ओळ दिसते. तिथे एसओडीआयएमएम असेल तर पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल तर रॅम बोर्डावर पक्की आहे. शेजारच्या स्लॉटच्या आकड्यावर विसंबू नये, कारण पक्क्या रॅमच्या यंत्रावरही तिथे स्लॉट भरलेले असल्याचे दिसू शकते.

साठवणुकीबद्दल थोडक्यात: एसएसडी बहुधा बदलता येते, म्हणून तिच्यापायी चांगला पडदा किंवा रॅम सोडू नये. फक्त जागा पूर्ण लांबीच्या 2280 पट्टीची आहे की आखूड 2230 ची, हे पाहावे, कारण आखूड पट्ट्यांत निवड कमी असते. जिथे साठवणही पक्की आहे तिथे सर्वांत लहान क्षमतेपासून जरा जपून. 2022 च्या एम2 मॅकबुक एअरच्या 256 जीबी आवृत्तीत दोनऐवजी एकच मेमरी चिप होती आणि तिचा वाचनाचा वेग आधीच्या एम1 एअरच्या सुमारे निम्म्यावर आला होता.

बॅटरीचे तास वाचणे आणि वॅट-अवर न वाचणे

जाहिरातीतले तास बहुधा मंद प्रकाशावर व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. एमएएचचा (मिलिअँपिअर-अवरचा) आकडाही व्होल्टेज ठाऊक नसेल तर निरर्थक आहे. वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते, हे खरे माप. 60 वॅट-अवरची बॅटरी सरासरी 6 वॅट घेणाऱ्या यंत्रात दहा तास चालते. तेच यंत्र अधिक बारीक आणि अधिक उजळ पडद्यामुळे 8 वॅट घेऊ लागले की साडेसात तासांवर येते. हा अडीच तासांचा फरक प्रोसेसर बदलून सहसा पडत नाही, पण पडद्याच्या पर्यायावर टिचकी मारताना तो कोणाच्या ध्यानात येत नाही. मोठ्या यंत्रांत बॅटरी 99 वॅट-अवरच्या आसपास थांबलेली दिसते, कारण 100 च्या पुढची बॅटरी विमानात नेण्यास विमान कंपनीची परवानगी लागते.

बॅटरी लवकर उतरू लागली, तर विंडोजचा बॅटरी अहवाल काढून मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता यांची तुलना करावी. दोन्ही जवळपास असतील तर दोष बॅटरीचा नाही, मागे चालू राहिलेल्या कामांचा किंवा पडद्याच्या उजेडाचा आहे. टचपॅड दाबताना अचानक कडक लागू लागला किंवा त्याची कड वर आली, तर मात्र तो टचपॅडचा बिघाड समजून दाबत बसू नये. खालची बॅटरी फुगल्याचे ते पहिले लक्षण असू शकते आणि यंत्र तत्काळ बंद करून बॅटरी बदलून घ्यावी.

पडद्याचे फक्त रिझोल्यूशन पाहणे

14 इंची पडद्यावर 1920×1200 ऐवजी 2880×1800 घेतले की बिंदू सव्वादोन पट होतात. अक्षरे कोरीव दिसतात, विशेषतः देवनागरीतली जोडाक्षरे, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. हा व्यवहार मला पटतो. पण रिझोल्यूशन वाढवून उजेड 250 निट्सवरच (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) ठेवलेला पडदा मला पटत नाही, कारण खिडकीशेजारी बसले की त्या साऱ्या बारकाव्यांवर पाणी पडते. रंगांच्या ओळीत ‘45 टक्के एनटीएससी’ असे असेल, तर पडदा फिका आहे असे समजावे. छायाचित्रांच्या कामाला तो उपयोगी नाही. ओलेड पडद्याचे काळे रंग सुरेख असतात, परंतु त्यांपैकी अनेक पडदे उजेड कमी करण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात आणि काहींचे डोळे त्याने दुखतात. घेण्याआधी उजेड अगदी कमी करून वीस मिनिटे वाचून पाहणे, ही तक्त्यापेक्षा भरवशाची चाचणी आहे. वेगळ्या दर्जाचा पडदा नंतर बसवून घेणे सहसा सोपे नसते.

यूएसबी-सी दिसले की सगळे आले असे मानणे

भोकाचा आकार एक आणि आतली क्षमता भलतीच. त्याच आकाराचा पोर्ट 5 गिगाबिटचा असू शकतो, 40 चाही असू शकतो. काहींतून पडद्याला चित्र जाते, काहींतून जात नाही, काही चार्जिंग घेतात, काही घेत नाहीत. पातळ सांगाड्यासाठी एचडीएमआय आणि मोठे यूएसबी काढून टाकले असतील, तर उरलेले दोन पोर्ट काय काय करतात हे विचारलेच पाहिजे.

यातून उद्भवणारी एक नेहमीची तक्रार म्हणजे डॉक (एका पोर्टातून अनेक पोर्ट देणारे जोडयंत्र) लावून 4के मॉनिटर जोडला की माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये पाहिले की तिथे 60 ऐवजी 30 हर्ट्झ आढळते. स्वस्त डॉक केबलमधल्या चार मार्गिकांपैकी दोन यूएसबीच्या वेगासाठी राखतो आणि जुन्या डिस्प्लेपोर्टच्या दोन मार्गिकांवर 4के ला 30 च परवडते. लॅपटॉपात दोष नसतो. मॉनिटर थेट पोर्टला जोडून पाहिल्यास क्षणात उलगडा होतो.

दुसरी तक्रार चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरण्याची. सोबतचा चार्जर 140 वॅटचा आणि प्रवासासाठी घेतलेला 65 चा असेल, तर जड कामात उरलेली वीज बॅटरीतून जाणारच. यूएसबीच्या 2021 च्या मानकाने 240 वॅटपर्यंत मुभा दिली असली, तरी चार्जर, केबल आणि पोर्ट या तिघांतला सर्वांत कमजोर दुवा मर्यादा ठरवतो.

पातळपणालाच प्रगती समजणे

या बाबतीत ॲपलचाच इतिहास बोलका आहे. 2015 मध्ये 12 इंची मॅकबुकसाठी आणलेला बटरफ्लाय कीबोर्ड पातळ होता, पण धुळीचा कण अडकला की कळ अडत असे; कंपनीला त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि 2019 च्या 16 इंची मॉडेलपासून जुन्या धाटणीची कात्रीची रचना परत आली. 2021 च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआय, कार्डाचा खाचा आणि चुंबकी चार्जर परतले, आणि 16 इंची यंत्र किंचित जाडही झाले. त्यावर व्यावसायिक वापरणाऱ्यांनी नाके मुरडली नाहीत, उलट स्वागत केले. कीबोर्ड बहुतेक यंत्रांत वरच्या पत्र्याला रिव्हेटने पक्का केलेला असतो, म्हणजे एक कळ बिघडली तरी कधी कधी अख्खा पत्राच बदलावा लागतो. वजनात शंभर ग्रॅम वाचवण्यापेक्षा कळांचा दाब बोटांना रुचतो का, हे आधी पाहावे.

दुसऱ्याच यंत्राचे परीक्षण वाचून निर्णय घेणे

एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे, वेगवेगळ्या बॅटऱ्या, कधी वेगळी शीतनव्यवस्थाही विकली जाते आणि परीक्षकाकडे बहुधा सर्वांत वरची आवृत्ती जाते. परीक्षणातील मॉडेलचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, आपण घेत असलेल्या यंत्राशी जुळवावा. तळाच्या लेबलावर आणि देयकावर तो असतो. अगदी नव्या मॉडेलबाबत आणखी एक काळजी घ्यावी. पंख्याचा आवाज, झोपेतून न उठणे, टचपॅडची अडखळ यांपैकी पुष्कळ दोष बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या) पहिल्या काही अद्यतनांत सुटतात, म्हणून परत देण्याची मुदत चालू असतानाच ती अद्यतने घालून पुन्हा तपासणी करावी. त्यात सुटणार नाहीत असे दोष मात्र पहिल्याच दिवशी पाहून घ्यावेत: झाकण एका हाताने उघडताना खालचा भाग उचलला जातो का, टाइप करताना पडदा डुलतो का, शांत खोलीत कान जवळ नेल्यावर चार्जर जोडलेला असताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो का, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पडद्याच्या कडांमधून उजेड झिरपतो का.