मुलगा आठवीत गेला आणि पालक शाळेतून गायब झाले? परत कसं यायचं ते बघू

पहिली-दुसरीला शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभं राहायला जागा नसते, आणि नववीच्या पालकसभेला बघावं तर साठच्या वर्गातले पंधरा पालक, त्यातले चार जण घड्याळ बघतायत. कारण सगळ्यांना माहितीये. मुलं स्वतःच सांगतात "तू येऊ नको गं शाळेत", क्लासची फी भरली की आपलं काम झालं असं वाटतं, आणि शाळेतनं फोन आलाच तर काहीतरी राडा झालाय म्हणूनच येतो. माझं म्हणणं एवढंच की काही बिघडलेलं नसताना जायचं, जूनमध्येच जायचं. ओळख असली की जानेवारीत भांडायची वेळ सहसा येत नाही, आणि आलीच तरी समोरचे सर तुम्हाला ओळखत असतात.

सुरुवात क्लासटीचरपासून. पण शाळा सुटताना गेटवर गाठून "कसा आहे आमचा?" विचारलंत तर "ठीक आहे, अजून मेहनत पाहिजे" याच्यापलीकडे काही मिळणार नाही, त्या बिचाऱ्यांच्या मागे साठ पोरं आणि डोक्यात रिक्षा. डायरीत चिठ्ठी पाठवून त्यांचा ऑफ तास कधी असतो ते विचारा, दहा मिनिटं मागा, आणि प्रश्न नेमके न्या. वर्गात कोणाशेजारी बसतो, वह्या पूर्ण असतात का, विचारलं तर उत्तर देतो का गप्प बसतो, मधल्या सुट्टीत एकटा असतो का. मार्क तर प्रगतिपुस्तकात दिसतातच, या गोष्टी दिसत नाहीत. आणि तुम्हीही काहीतरी सांगा, घरात आजारपण असेल, वडिलांची बदली झाली असेल, रात्री उशिरापर्यंत मोबाईल चालतो हे तुम्हाला दिसत असेल तर तेही. एकतर्फी चौकशीला शिक्षक लवकर कंटाळतात.

मुलाला न सांगता मात्र जाऊ नका. या वयात त्याच्या पाठीमागे बोलणं झालेलं त्याला कुठून ना कुठून कळतंच आणि मग घरी तोंड बंद. आदल्या दिवशी सांगायचं की उद्या मी बाईंना भेटणारे, तुझ्याकडून काही विचारू का. वर्गाच्या दारात उभं राहून हाक मारायची नाही, मित्रांसमोर शर्ट नीट करायचा नाही, एवढं पाळलं की बऱ्याच पोरांची हरकत गळून पडते.

क्लासटीचरइतकीच ओळख ऑफिसमधल्या क्लार्कशी ठेवा. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर जाणारं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात हे सगळं शाळेच्या जनरल रजिस्टरवरनं जातं, आणि त्यातली चूक शाळा सोडल्यावर दुरुस्त करणं म्हणजे महिनोन्महिने हेलपाटे. नववीतच एकदा जाऊन रजिस्टरमधली नोंद बघायला मागा, आधार आणि जन्मदाखल्याशी स्पेलिंगसकट जुळवा, फरक दिसला तर लेखी अर्ज द्या. दहावीत फॉर्म भरून झाले की बोर्डाकडून प्री-लिस्ट येते, म्हणजे भरलेली माहिती तपासायला दिलेली यादी, त्यावर मुलं सही करून मोकळी होतात, तेव्हा पोराला सांगून ठेवा की मला दाखवल्याशिवाय सही नाही.

ऑफिसमध्ये विचारायच्या आणखी काही गोष्टी. आठवीत असाल आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म कधी भरतात ते विचारा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि तरी कितीतरी पालकांना तिचं नावच माहीत नसतं. चित्रकला बरी असेल तर एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा दहावीच्या आत उरकून घ्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७, बी ला ५, सी ला ३ वाढीव मार्क आहेत, पण ते आपोआप पडत नाहीत, शाळेमार्फत प्रस्ताव जावा लागतो. खेळाचंही तसंच. लिहायला-वाचायला मुलाला खरंच त्रास होत असेल, अक्षरं उलटी होतात, वाचताना ओळ सुटते, तर "आळशी आहे" म्हणून सोडून देऊ नका. तपासणी करून सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डाला तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, आणि त्या तपासणीच्या अपॉइंटमेंटलाच खूप वेळ जातो, म्हणून आठवी-नववीत सुरुवात करायची.

आता पालक-शिक्षक संघ. खाजगी शाळांसाठी २०११ चा फी नियमन कायदा आहे, त्यात शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन करायचा असतो आणि प्रत्येक पालक आपोआप सभासद असतो. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक, तोही इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून, हेडसरांच्या ओळखीतले चार डॉक्टर-वकील बसवून नाही. त्यामुळे जूनमध्ये नोटीस कधी लागते त्यावर डोळा ठेवा आणि नाव द्या. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तेव्हा घरी चर्चा करताना "तुझ्या बाबांना सांगू" असं आधीच ठरवू नका. समितीच्या हातात बरंच काही असतं. पुढच्या वर्षीची फी वाढवायची असेल तर शाळेने प्रस्ताव ६ महिने आधी, म्हणजे साधारण डिसेंबरात, हिशोबासकट समितीसमोर ठेवायचा असतो. तेव्हा गप्प बसून जूनमध्ये गेटवर घोषणा देणाऱ्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

मीटिंगला गेलात तर स्वतःच्या पोराचा विषय काढू नका, ते क्लासटीचरकडे. इथे सगळ्यांचं काढायचं. मुलींच्या टॉयलेटमध्ये पाणी आहे का, कडी लागते का, पॅड मिळतात का आणि वापरलेले टाकायची सोय आहे का. विज्ञानाचं प्रॅक्टिकल खरंच होतं का नुसतं जर्नल उतरवून घेतात. लायब्ररीच्या कपाटाची चावी कोणाकडे असते. एका वेळी दोनच मुद्दे, आणि ते इतिवृत्तात लिहिले गेलेत हे बघूनच उठा, पुढच्या मीटिंगला तिथूनच सुरुवात करता येते.

सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, शासन निर्णय २०२२ चा आहे, पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचा प्रकार झाला तेव्हा कुठे बऱ्याच पालकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या शाळेत समितीत कोण कोण आहे, तक्रारपेटी कुठे लावलीये, ती कोण आणि किती दिवसांनी उघडतं, हे तीन प्रश्न विचारा. पेटी हेडसरांच्या केबिनच्या दारात असेल तर त्यात कोण चिठ्ठी टाकणार, ती जागा बदलायला लावा.

मदत काय करता येईल? शाळेला पैसेच लागतात असं नाही. नववी-दहावीच्या पोरांना डॉक्टर-इंजिनियरचं भाषण ऐकून कंटाळा आलाय, त्यांच्यासमोर फिटर, नर्स, बँकेतला कॅशियर, एसटीचा वाहक, द्राक्षबागायतदार, टॅली करणारी ताई असं कोणी उभं राहून "माझा दिवस असा जातो, पगार साधारण एवढा, इथं पोचायला हे शिकले" असं तासभर बोललं तर वर्ग हलत नाही. गॅदरिंगला मेकअप आणि कपड्यांच्या धावपळीत दोन हात, सहलीला बरोबर जायला एक पालक, क्रीडास्पर्धांना पाणी आणि फर्स्टएड, हे शाळेला खरंच हवं असतं. फक्त आधी विचारा आणि जेवढं जमेल तेवढंच कबूल करा, हो म्हणून ऐनवेळी न येणारा पालक शाळेला नकोसा होतो.

व्हॉट्सॅप ग्रुपबद्दल थोडक्यात. शाळेचा ग्रुप निरोपांसाठी ठेवा, शिक्षकांची उणीदुणी तिथे नको, कोणाच्या मुलाचे मार्क तर अजिबात नको. गुड मॉर्निंगची फुलं टाकणाऱ्या काकांना काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.

दहावीत विषयाचे १०० पैकी २० मार्क शाळेच्या हातात असतात, तोंडी, गृहपाठ, प्रॅक्टिकल वगैरे. क्लाससाठी शाळा बुडवायची सवय जिथे लागते तिथे हेच २० अडकतात, मग पालक फेब्रुवारीत सरांसमोर हात जोडून उभे. शाळेची प्रीलिम झाली की पेपर बघायला बोलावतात, त्या दिवशी रजा टाकाच, आणि टोटल मोजत बसण्यापेक्षा कुठले प्रश्न सोडून दिलेत, वेळ कुठे संपला ते बघा, मुलालाही शेजारी बसवा.

आणि भांडायचीच वेळ आली तर? मारहाण, फीसाठी दाखला अडवणं, वर्गात जातीवरून टोमणे, अशा वेळी ग्रुपवर लिहून उपयोग नाही. आधी क्लासटीचर, मग सुपरवायझर, मग मुख्याध्यापक, तिथे लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्यायची. तरी हललं नाही तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी माध्यमिक, मुंबईत शिक्षण निरीक्षक. मारहाण किंवा छेडछाड गंभीर असेल तर ही पायरी-पायरी पाळत बसू नका, १०९८ ही चाइल्डलाइन आहे, पोलीस आहेत.

ज्यांना शिफ्टमुळे किंवा रोजंदारी बुडते म्हणून येता येत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आजी, मामा, मोठी बहीण, कोणीही ठरलेलं एक माणूस शाळेत जाऊ दे, फक्त तसं एका चिठ्ठीवर लिहून क्लासटीचरकडे द्या म्हणजे ऐनवेळी "पालकांनाच आणा" होत नाही. इंग्रजी माध्यम आहे म्हणून बुजणाऱ्यांनी सरळ मराठीत बोलावं, समोरच्या मॅडम घरी मराठीच बोलतात बऱ्याचदा. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी निघायच्या आधी शाळेत कळवावं आणि मूल गावातच आजीकडे ठेवता येतंय का, जवळ हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे तेव्हाच विचारावं, कारण उसाच्या फडावर गेल्यावर फोनला रेंज असेलच असं नाही आणि दहावीचे फॉर्म नेमके त्याच दिवसांत भरले जातात.