आलेख कागदावर पाणबुडीचा पाठलाग : रिव्हर वर्गाच्या फ्रिगेटचा हल्ला कसा मांडून पाहावा

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये व्यापारी काफिल्यांची राखण करणाऱ्या फ्रिगेटांच्या, म्हणजे पाणबुड्यांशी लढणाऱ्या युद्धनौकांच्या, हकिकती वाचताना एक प्रश्न हटकून पडतो. पाणबुडी सापडली, तिच्या डोक्यावर दहा-दहा डेप्थ चार्ज (ठरवलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब) पडले, तरी ती निसटली कशी? खलाशी कच्चे होते म्हणून नव्हे. खरे कारण काही सेकंदांच्या बहिरेपणात आहे, आणि ते कागदावर मांडल्याशिवाय नीट पटत नाही. तासाभराचे काम आहे. एकदा मांडून बघा, पुढे कोणतीही युद्धहकिकत वेगळ्या डोळ्यांनी वाचाल.

एक मिलिमीटरच्या चौकोनांचा ए-फोर आलेख कागद घ्या. पट्टी, कंपास, टोकदार पेन्सिल, निळी आणि तांबडी अशा दोन रंगीत पेन्सिली आणि कॅल्क्युलेटर लागेल. प्रमाण १ मिमी = १० यार्ड, म्हणजे १ सेंमीला १०० यार्ड. मीटर वापरायचा मोह टाळा. त्या काळची सगळी आकडेमोड अंतरासाठी यार्डांत आणि खोलीसाठी फुटांत आहे, मध्येच रूपांतर केले की चूक होतेच.

सगळ्यात जास्त चुका वेगाच्या हिशेबात होतात. १ नॉट म्हणजे मिनिटाला ३३.७६ यार्ड. जमिनीवरचा मैल धरला तर हाच आकडा २९.३ येतो आणि सगळा आलेख १३ टक्क्यांनी आखडतो. आपल्याला लागणारे वेग असे: १५ नॉट म्हणजे सेकंदाला ८.४४ यार्ड, ४ नॉट म्हणजे सेकंदाला २.२५ यार्ड. कागदाच्या समासात लिहून ठेवा.

आता जहाज. रिव्हर वर्गाच्या फ्रिगेटा १९४२ पासून ताफ्यात येऊ लागल्या. लांबी ३०१ फूट, विस्थापन सुमारे १,३७० टन, वेग २० नॉट. आधीच्या फ्लॉवर वर्गाच्या कॉर्व्हेटला, म्हणजे लहान रक्षक नौकेला, १६ नॉटच साधत, आणि पृष्ठभागावरची जर्मन पाणबुडी १७ नॉटने पळून जाई. ही उणीव या वर्गाने भरून काढली. याच वर्गातली ‘बॅन’ १९४५ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीकडे आली, तिचे नाव ‘तीर’ ठेवले गेले, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाच्या कॅडेटांनी वर्षानुवर्षे तिच्यावर समुद्राचे धडे घेतले. आपल्या कागदावर ही फ्रिगेट बरोबर १ सेंमी लांब. जर्मनांची टाइप ७सी पाणबुडी ६७.१ मीटर, म्हणजे ७३ यार्ड. कागदावर ७ मिमी.

कागद उभा धरा. तळापासून १ सेंमी वर, मधोमध निळ्याने फ्रिगेट काढा, नाळ (पुढचे टोक) वरच्या बाजूला. तिच्या समोर १५ सेंमीवर तांबड्याने पाणबुडी. दोघींची दिशा वर, म्हणजे फ्रिगेट पाणबुडीच्या मागून येते आहे. फ्रिगेटचा वेग १५ नॉट, पाणबुडीचा ४ नॉट, पाणबुडीची खोली ३०० फूट. फ्रिगेट पूर्ण वीस नॉटने का नाही? कारण अ‍ॅस्डिक. जहाजाच्या तळाशी, पुढच्या भागातल्या घुमटातून ध्वनीचा टणत्कार पाण्यात सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा, ही त्याची रीत. वेग वाढला की पाण्याच्या आणि स्वतःच्या यंत्रांच्या गोंगाटात तो प्रतिध्वनी बुडतो.

ध्वनी पाण्यात सेकंदाला अंदाजे १,६४० यार्ड जातो. १,५०० यार्डांवरून प्रतिध्वनी यायला पावणेदोन-दोन सेकंद लागतात. चालक दोन्ही कडा शोधतो: अडीच-अडीच अंशांनी ध्वनिझोत सरकवत प्रतिध्वनी कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते पाहायचे आणि मधली दिशा धरायची. आजूबाजूच्या पाण्यातून परतणाऱ्या गुंजनापेक्षा स्वर चढा आला तर लक्ष्य स्वतः आपल्याकडे येते आहे, उतरता आला तर आपल्यापासून दूर जाते आहे. आपल्या मांडणीत तो किंचित उतरता असेल. स्वर त्या गुंजनाहून अजिबात वेगळा नसेल तर सावध व्हायचे, कारण पाणबुडी मागे सोडते तो बुडबुड्यांचा ढगही चांगला प्रतिध्वनी देतो, पण तो जागचा हलत नाही. रेकॉर्डर नावाच्या यंत्रात रसायन लावलेल्या कागदी गुंडाळीवर प्रत्येक प्रतिध्वनीची रेघ उमटे. त्या रेघांच्या उतारावरून अंतर किती वेगाने घटते आहे ते कळे, आणि चार्ज सोडायचा क्षण त्यावरूनच ठरे.

आता दर ३० सेकंदांनी दोन्ही जहाजे पुढे सरकवा. फ्रिगेट प्रत्येक वेळी २५ मिमी, पाणबुडी ७ मिमीला किंचित कमी. प्रत्येक ठिपक्यापाशी वेळ लिहा. वेळ न लिहिलेला ठिपका दहा मिनिटांनी निरुपयोगी होतो. सुमारे ३ मिनिटे १४ सेकंदांनी दोघींमधले अंतर ३०० यार्ड उरेल. तिथे थांबा आणि पाणबुडीच्या जागेला ठळक फुली मारा.

या फुलीपाशी फ्रिगेट बहिरी होते. अ‍ॅस्डिकचा झोत पुढे पसरतो, खाली फारसा वळत नाही. जवळ आलेली खोल पाणबुडी त्या झोताच्या खालून निसटते. ३०० फूट खोल पाणबुडीचा संपर्क साधारण ३०० यार्डांवर तुटतो, उथळ असेल तर त्याहून जवळ आल्यावर. तुटण्याच्या या अंतरावरूनच कप्तान खोलीचा अंदाज बांधत, कारण बहुतेक जहाजांवर खोली मोजायचे दुसरे साधन बराच काळ नव्हते. फुलीपुढचे सगळे अंदाजावर.

बहिरेपणाचे सेकंद मोजा. ३०० यार्ड अंतर सेकंदाला ६.२ यार्डांनी कापायचे: ४८ सेकंद. घुमट पुढे आणि डेप्थ चार्ज सोडायची रुळांची जोडी अगदी मागच्या टोकाला, मध्ये ७० यार्ड धरा: आणखी ११ सेकंद. मार्क ७ डेप्थ चार्ज सेकंदाला १० फुटांनी बुडतो, ३०० फुटांपर्यंत ३० सेकंद. एकूण ८९. इतक्या वेळात ४ नॉटची पाणबुडी २०० यार्ड गेलेली असते.

कंपासमध्ये २० मिमी घ्या, टोक फुलीवर ठेवा आणि पाणबुडीच्या पुढच्या बाजूला अर्धवर्तुळ काढा. पूर्ण वर्तुळ नको. सुकाणू कितीही वळवले तरी तेवढ्या वेळात पाणबुडी उलट फिरून फुलीच्या मागे जाऊ शकत नाही. या अर्धवर्तुळात ती कुठेही असू शकते, कारण टणत्कार अंगावर आदळताना तिच्यातल्या माणसांना ऐकू येतात आणि फ्रिगेट डोक्यावर येत असताना तिचा कप्तान वळतोच.

आता मारा काढा. मार्क ७ मध्ये २९० पौंड स्फोटक, तरी पाणबुडीचे कवच नक्की फोडायचे तर स्फोट २० फुटांच्या आसपास, म्हणजे ७ यार्डांत व्हायला हवा. कागदावर तो पाऊण मिलिमीटर त्रिज्येचा ठिपका. पाच ठिपके पतंगाच्या आकारात मांडा: एक मागून सोडलेला, मग दोन्ही बाजूंना ५० यार्डांवर थ्रोअरने (चार्ज बाजूला फेकणाऱ्या तोफेने) फेकलेले दोन, मध्ये एक, पुढे एक. १५ नॉटला दर सहा सेकंदांनी सोडले की ५० यार्डांचे अंतर आपोआप पडते. दहा चार्जांच्या माऱ्यात उरलेले पाच वजन बांधून जास्त खोल पाठवत, म्हणजे दोन थर होत. पाणबुडीच्या खोलीवर मात्र पाचच कामाचे.

हिशेब करा. पाच ठिपक्यांचे क्षेत्र ७७० चौरस यार्ड, अर्धवर्तुळाचे ६२,८००. सव्वा टक्का. पाणबुडी ठिपका नसून ७३ यार्ड लांब आहे, त्यामुळे खरी शक्यता थोडी वाढते. खोलीचा अंदाज चुकला की ती पुन्हा घटते. ब्रिटिश नौदलाच्या युद्धोत्तर हिशेबात डेप्थ चार्जचे ५,१७४ हल्ले आणि ८५.५ पाणबुड्या येतात, म्हणजे साधारण साठ हल्ल्यांना एक. अर्धी पाणबुडी ही वाटून दिलेल्या श्रेयाची. आपल्या पेन्सिलीने काढलेला आकडा त्याच्या इतका जवळ यावा, हे पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो.

याच आलेखावर एक बदल करून पाहा. पाणबुडी ४ ऐवजी २ नॉटने सरकत असेल तर अर्धवर्तुळाची त्रिज्या ९० यार्डांपर्यंत उतरते आणि शक्यता चार-पाच पट होते. अगदी हळू, आवाज न करता लपणाऱ्या पाणबुडीला ऐन वेळी वेग वाढवून वळावे लागे ते यामुळे.

दुसऱ्या कागदावर हेजहॉग. हे २४ नळ्यांचे नव्हे तर २४ खुंट्यांचे अस्त्र. प्रत्येक खुंटीवर सुमारे ६५ पौंडांचा बॉम्ब, आत ३५ पौंड टॉर्पेक्स हे स्फोटक. सगळे जहाजाच्या पुढे २०० यार्डांवर, ४० यार्ड व्यासाच्या कड्यात पडतात आणि लोखंडाला लागले तरच फुटतात. कागदावर ४ मिमीचे कडे. कड्याचा परीघ १२६ यार्ड, भागिले २४, म्हणजे दोन बॉम्बांमध्ये सव्वापाच यार्ड. टाइप ७सीचे दाबकवच ४.७ मीटर, म्हणजे ५.१ यार्ड रुंद. दोन बॉम्बांमधून पाणबुडी निसटायला जागाच जेमतेम ठेवली आहे.

फ्रिगेट १० नॉट, पाणबुडी २०० फुटांवर धरा. संपर्क २०० यार्डांपर्यंत टिकतो, म्हणजे डागेपर्यंत कान उघडे. उड्डाणाचे सहा-सात सेकंद, सेकंदाला २२ फुटांनी बुडायला नऊ: एकूण १६. तेवढ्यात पाणबुडी ३६ यार्ड जाते, आणि वळायला तिला सवडच मिळत नाही. आता खोली ३०० करा. डागण्याआधी १०० यार्ड बहिरे, ते ६ नॉटच्या फरकाने कापायला ३० सेकंद. एकूण ५०, पाणबुडी ११० यार्ड दूर. खोल गेलेली पाणबुडी हेजहॉगलाही का चुकवी ते इथे दिसते. तरीही त्याच ब्रिटिश हिशेबात हेजहॉगचे २६८ हल्ले आणि ४७ पाणबुड्या, म्हणजे पावणेसहाला एक. सुरुवातीला खलाशांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. डेप्थ चार्ज चुकला तरी समुद्र उसळतो, हेजहॉग चुकला की नुसती शांतता. पण तीच शांतता त्याचा गुण: डेप्थ चार्जने घुसळलेल्या पाण्यात अ‍ॅस्डिकला बराच वेळ काही ऐकू येत नाही, हेजहॉगनंतर पाणी स्वच्छ राहते आणि लगेच पुन्हा शोध घेता येतो.

१९४४ पासून लॉक वर्गाच्या फ्रिगेटांवर आलेला स्क्विड, म्हणजे पुढे बॉम्ब फेकणारे अस्त्र, मांडायचा असेल तर पल्ला २७५ यार्ड आणि बुडण्याचा वेग सेकंदाला ४४ फूट धरा. खोली अ‍ॅस्डिककडून थेट बॉम्बांच्या फ्यूजला मिळते. ३०० फुटांना सात सेकंद. ‘लॉक किलिन’ने ३१ जुलै १९४४ ला जर्मन पाणबुडी यू-३३३ याच अस्त्राने बुडवली.

फारच खोल गेलेल्या पाणबुडीसाठी दोन जहाजांचा आलेख करा. ब्रिटिश नौदलातल्या कॅप्टन वॉकर यांच्या दुसऱ्या सपोर्ट ग्रुपची ही युक्ती. एक जहाज हजार-दीड हजार यार्ड मागे राहून अ‍ॅस्डिक चालू ठेवते, दुसरे आपले अ‍ॅस्डिक बंद करून ५ नॉटने पाणबुडीच्या डोक्यावर सरकते आणि मागच्याने रेडिओवर सांगितले की चार्ज सोडते. मागच्या जहाजासाठी संपर्क तुटतच नाही. पाणबुडीला टणत्कार लांबून ऐकू येतात, म्हणून ती वळत नाही. ६०० फुटांना बुडायचे ६० सेकंद तेवढे उरतात.

एक इशारा. सप्टेंबर १९४३ नंतरची हकिकत मांडताना फ्रिगेट सरळ पाणबुडीकडे धावते असे धरू नका. ओएन २०२ आणि ओएनएस १८ या काफिल्यांवर जर्मनांनी जहाजाच्या पंख्याच्या आवाजामागे जाणारा टॉर्पेडो आणला. ‘लॅगन’ या फ्रिगेटचे मागचे टोक उडाले, ‘इचेन’ बुडाली आणि तिच्यावरचे जवळजवळ सगळे गेले. त्यानंतर फ्रिगेटा मागे आवाज करणारा फॉक्सर ओढत, आणि त्या गोंगाटात त्यांचेच अ‍ॅस्डिक बिघडे. अशा वेळी संपर्काचे अंतर कमी धरा.

हे सगळे जमले की हिंदी महासागरातला एक हल्ला घ्या. १२ ऑगस्ट १९४४ ला सेशेल्सजवळ रिव्हर वर्गाची ‘फाइंडहॉर्न’ आणि रॉयल इंडियन नेव्हीची स्लूप (लहान रक्षक युद्धनौका) ‘गोदावरी’ यांनी यू-१९८ गाठली. फाइंडहॉर्नच्या हेजहॉगने ती बुडाली. ६६ जणांपैकी कोणी वाचले नाही. ती टाइप ९डी२, ८७.६ मीटर लांब, म्हणजे कागदावर साडेनऊ मिलिमीटर. तुमच्या ४ मिमीच्या कड्यावर ती ठेवून पाहा: कड्याच्या दोन्ही बाजूंना तिची टोके बाहेर येतात.