नीट रिपीट मारायची का? आधी पेपर काढून बसा

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा रिझल्ट लागला की सांगलीत घरोघरी एकच चर्चा, रिपीट मारायचं का. नुसते मार्क बघून ठरवू नका राव. आन्सर की आणि आपली ओएमआर (गोल भरलेली उत्तरपत्रिका) घेऊन बसा नी चुकलेले प्रश्न वेगळे काढा, कुठले येत असून घाईत गेले, कुठल्याला वेळच पुरला नाही आणि कुठला टॉपिकच झाला नव्हता. बरोबरला ४ मिळतात, चुकीला १ जातो, म्हणजे येत असून चुकलेला एक प्रश्न ५ मार्कांना पडतो, असे १५ निघाले तर ७५ मार्क तिथंच आहेत, मग रिपीटला अर्थ आहे. पण फिजिक्स निम्मं कोरंच असेल तर वर्ष पुरेल का हे स्वतःला विचारा, क्लासवाल्याला नको, तो हो च म्हणणार.

मग राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या कॅप (प्रवेश फेऱ्यांच्या) याद्यांत मिरज नी साताऱ्याच्या गव्हर्नमेंट कॉलेजला आपल्या कॅटेगरीत शेवटची सीट कितव्या रँकला गेली ते बघा. मार्कांवर जाऊ नका, पेपर कधी सोपा कधी अवघड.

बीएएमएस (आयुर्वेदाची डिग्री) मनापासून चालणार असेल तर सरळ घ्या. मामा काय म्हणतो ते सोडा.