नव्या रेसिडेंटसाठी: झोप, हँडओव्हर आणि चुकीनंतरचे 24 तास

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या रेसिडेंटला, म्हणजे रुग्णालयात काम करत पुढचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला, पहिल्याच आठवड्यात एक सल्ला मिळतो: मन घट्ट कर, सवय होईल. देणारे तो मायेनेच देतात, पण तेवढ्याने भागत नाही. डॉक्टर या कामात टिकतो तो मुख्यतः तीन गोष्टींमुळे: पुरेशी झोप, नीट दिलेला हँडओव्हर (ड्यूटी संपताना पुढच्या डॉक्टरला पेशंटची माहिती सोपवणं), आणि चूक झाली किंवा पेशंट गेला तर बोलायला आधीपासून ठरलेलं माणूस. यातली एकही गोष्ट स्वभावात नसते, तिन्ही कामाच्या मांडणीत असतात. त्यामुळे ज्युनिअरने त्या मागायला शिकायचं आणि ड्यूटी लावणाऱ्याने त्यांची सोय करायची, असाच हा मामला आहे.

आधी बर्नआउट म्हणजे काय ते नेमकं कळायला हवं, कारण हा शब्द साध्या थकव्यालाही चिकटवला जातो. 1981 मध्ये मॅस्लॅक आणि जॅक्सन यांनी त्याच्या मोजमापाची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन अंगं आहेत. पहिलं, सुट्टी घेऊनही न उतरणारा भावनिक थकवा. दुसरं, पेशंटबद्दल आलेला तुटकपणा. माणसाचं नाव जाऊन तो ‘12 नंबरचं लिव्हर’ होतो. तिसरं, काम चांगलं होऊनही आपण काहीच केलं नाही असं वाटणं. थकवा आपल्याला कळतो, तुटकपणा मात्र आपल्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला कळतो. म्हणून ‘हल्ली फार चिडता, डॉक्टर’ असं एखादीने म्हटलं तर ते लक्षण म्हणून ऐका. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, नोकरीतल्या ताणाचा परिणाम म्हणून आहे. आमच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. उपाय फक्त डॉक्टरच्या मनात शोधायचा नाही, ड्यूटीच्या तक्त्यातही शोधायचा. मात्र दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला बर्नआउट म्हणून बाजूला सारू नका. ते नैराश्य असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन.

आता झोप. सलग 17 तास जागं राहिल्यावर हात आणि डोकं रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं चालतं, आणि 24 तासांनंतर साधारण 0.10 टक्के असल्यासारखं. हे 1997 मध्येच मोजून दाखवलं गेलं आहे. 2004 साली आयसीयूतल्या इंटर्नवर झालेल्या अभ्यासात 24 तासांहून लांब ड्यूट्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका 36 टक्के जास्त निघाल्या. तुलना होती जास्तीत जास्त 16 तास सलग काम ठेवणाऱ्या वेळापत्रकाशी. पहाटे चारला हे कसं दिसतं ते बघा. लहान मुलाचं औषध भरायचं आहे, वजन गुणिले डोस हा हिशोब तोंडपाठ आहे, उत्तर 0.5 मिली येतं आणि सिरिंजमध्ये 5 मिली भरलं जातं. ज्ञान कमी पडलेलं नसतं, दशांश चिन्ह डोळ्यांसमोरून निसटलेलं असतं. म्हणून रात्री दोननंतर प्रत्येक डोस मोठ्याने म्हणायचा: वजन, डोस, मिली. सिस्टरने तोच हिशोब स्वतंत्रपणे करायचा, तुमचा आकडा न बघता. तुमचाच आकडा तिने नुसता परत म्हटला तर ती तपासणी झालीच नाही.

नाइटच्या आधी दुपारी दीड तास झोप काढा. रात्री वॉर्ड शांत असेल तेव्हा गजर लावून 20 मिनिटं आडवं व्हा; एकमेकांचा फोन सांभाळायला कुणीतरी हवं, नाहीतर कान फोनकडे राहतो आणि झोप लागत नाही. उठल्यावर पहिली 15 ते 20 मिनिटं डोकं जड असतं, त्या वेळात शक्यतो लाइन (शिरेतली नळी) टाकू नका आणि डोस काढू नका. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून ती डुलकीच्या आधी प्यायली तर जाग आल्यावर कामी येते. पण तिचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. सकाळी नऊला झोपायचं असेल तर पहाटे तीननंतर कॉफी नको. 24 तासांच्या ड्यूटीनंतर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका, अशा वेळी अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त आढळली आहे. सगळं बिघडतं ते पोस्ट ड्यूटीच्या, म्हणजे रात्रीची ड्यूटी संपल्यानंतरच्या दिवशी: ‘थोडा वेळ थांब, ओपीडी आटोपून जा.’ हे ‘थोडा वेळ’ रोजचं झालं की बाकीची काळजी वाया जाते.

नुसते तास कमी करून प्रश्न सुटत नाही. अमेरिकेत 2003 पासून रेसिडेंटसाठी चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला 80 तासांची मर्यादा आहे, युरोपीय संघात सरासरी 48 तासांची. पण पाळ्या आखूड झाल्या की पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं. हँडओव्हरला आम्ही डॉक्टरच्या मनःस्वास्थ्यातच धरतो ते यामुळे. अर्धवट हँडओव्हर दिलेला डॉक्टर घरी जाऊनही वॉर्डातच असतो; जेवताना आठवतं की सोडियमचा रिपोर्ट बघायचं सांगितलंच नाही.

हँडओव्हरची आय-पास ही पद्धत शिकून घ्या. पाच भाग, याच क्रमाने: पेशंट किती गंभीर आहे, थोडक्यात हकिकत, करायची कामं (कुणी आणि कधी), काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, शेवटी घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ रुग्णालयांतल्या अभ्यासात या पद्धतीने वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय 30 टक्क्यांनी कमी झाले. ‘बेड 7, पोटॅशियम वाढलंय, लक्ष ठेव’ हा हँडओव्हर नव्हे. असा द्या: ‘बेड 7, अस्थिर. किडनी फेल्युअर, संध्याकाळी पोटॅशियम 6.1, उपचार दिलेत. 11 वाजता सँपल पाठव, रिपोर्ट तूच बघ. 6 च्या वर असेल किंवा ईसीजी बदलला तर कॅल्शियम ग्लुकोनेट दे आणि लगेच सीनियरला फोन कर, डायलिसिसचं तेच ठरवतील.’ सगळ्यात जास्त गाळला जातो तो शेवटचा भाग, परत सांगणं. घाई असते, आणि सीनियरला परत सांगायला लावणं उद्धटपणाचं वाटतं. तरीही लावा.

चूक होणार, पेशंट दगावणार. हे गृहीत धरूनच युनिटची आखणी हवी. क्रम असा: आधी पेशंट सुरक्षित करा, मग ताबडतोब सीनियरला कळवा. नोट्समध्ये जे घडलं ते वेळेसह लिहा. आधीचं लिहिलेलं खोडू नका, नवी नोंद करा. नातेवाइकांशी सीनियर बोलतील, पण तुम्ही सोबत असा. लपवलेली चूक पेशंटला घातक असतेच, आणि ती डॉक्टरला वर्षानुवर्षं आतून खात राहते. त्यानंतर त्या डॉक्टरला निदान तासभर वॉर्डातून बाहेर काढा, शक्य असेल तर उरलेली ड्यूटी दुसऱ्याला द्या. ठरलेल्या माणसाने 24 तासांच्या आत फोन करायचा आणि आठवड्याने पुन्हा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणून सोडून देऊ नका. हादरलेला माणूस स्वतःहून फोन करत नाही.

घटनेनंतर लगेच टीमने पाच-दहा मिनिटं एकत्र उभं राहून काय घडलं आणि आता काय करायचं एवढं बोलणं चांगलं. पण सगळ्यांना सक्तीने बसवून एकाच बैठकीत मनातलं बाहेर काढायला लावू नका. अशा एकदाच होणाऱ्या बैठकीने पुढचा आघातजन्य ताण टळतो असं आढळलेलं नाही, काहींना उलट त्रासच होतो.

नियमित बोलायचं असेल तर बालिंट गट करून बघा. मायकेल आणि एनिड बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांबरोबर तो सुरू केला. आठ-दहा जण, एक-दीड तास, एक डॉक्टर कागद न बघता एका पेशंटबद्दल सांगतो, मग तो मागे सरकून बसतो आणि बाकीचे त्या पेशंटशी असलेल्या नात्याबद्दल बोलतात. औषधोपचाराची चर्चा नाही. गट मोडतो तो बहुधा एकाच कारणाने: तुमचे मार्क देणारे विभागप्रमुख खोलीत येऊन बसतात.

स्वतःचा डॉक्टर हवाच, आणि तो आपल्या युनिटमधला नसावा. कॉरिडॉरमध्ये मित्राला विचारून झोपेची गोळी सुरू करणं फार सोपं असतं. तिथे ना तपासणी होते, ना नोंद, ना कुणी ती बंद करायला सांगतं. जिनिव्हा घोषणेत, म्हणजे जागतिक वैद्यकीय संघटनेच्या डॉक्टरांसाठीच्या शपथेत, 2017 च्या दुरुस्तीनंतर डॉक्टर स्वतःच्या आरोग्याची आणि कल्याणाची काळजी घेण्याचीही शपथ घेतो.

रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात युनिटमध्ये चार प्रश्न विचारा. मी आजारी पडलो तर माझी ड्यूटी कोण करतं? रात्री सीनियरला कोणत्या परिस्थितीत उठवायचंच आहे? पोस्ट ड्यूटीला किती वाजता सुटायचं? चूक झाली तर मला फोन कोण करणार? उत्तरात माणसाचं नाव आणि घड्याळातली वेळ मिळायला हवी. ‘बघू’ असं उत्तर आलं तर तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांनी मिळून हेच चार प्रश्न कागदावर लिहून विभागप्रमुखांना द्या, आणि उत्तरं ड्यूटीच्या तक्त्याशेजारी लावून घ्या.